दाराला बांधलेला भाता

पोस्टरवर बँडचं नाव ‘चार भाते’ऐवजी ‘चार भात’ छापून आलं, तेव्हापासून लोक आपल्या बँडला गांभीर्याने घेत नाहीत, असं किल्लीवाल्याचं म्हणणं होतं. वहिनीचं म्हणणं, त्याआधी तरी कोण घेत होतं? चार अकॉर्डियन आणि एक ड्रम घेऊन रॉक वाजवणाऱ्यांना गांभीर्याने घ्यायचं, तर ऐकणाऱ्याचीही थोडी तयारी लागते. पोस्टर वाचून त्या दिवशी गर्दी झाली, हे मात्र खरं. निम्मी माणसं जेवायला आली होती. जेवण नाही म्हटल्यावरही बरीचशी शेवटपर्यंत बसली, आणि वहिनीच्या लेखी बँडचा खरा जन्म त्याच दिवशी झाला.

मंडळी तरी कशी एकेक! दातांचे डॉक्टर सगळ्यांत मोठा अकॉर्डियन मांडीवर घेऊन डोळे मिटून वाजवत. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून डोळे शिणतात, असं कारण सांगत. किल्लीवाला गायचा. त्याच्या अकॉर्डियनला इतक्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, की त्याचा मूळ रंग कुठला ते त्यालाही आठवत नसे. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मात्र अगदी तालात खुळखुळायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून अकॉर्डियन वाजवत, आणि कुणी ताल सोडला की ती फुंकत. ड्रमवर किल्लीवाल्याचे सासरे. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने ते ऐकत नसत. हळू वाजवा, असं त्यांना सांगायचं कुणी, हा कायमचा प्रश्न होता. जावयाची तर बिशादच नव्हती. त्यांना सगळे सासरेबुवा म्हणत.

चौथा भाता वहिनीचा. ठेंगणी, फटकळ, इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला. पहिल्याच तालमीला तिची नणंद दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “वहिनी, हा गोंगाट किती वेळ चालणार आहे?” त्या दिवसापासून ती अख्ख्या बँडची वहिनी झाली. डॉक्टर तिच्याहून वयाने मोठे, पण तेही वहिनीच म्हणायला लागले.

वहिनीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात राहिल्या होत्या या दोघी, वहिनी आणि तिच्या वन्सं. घरी दोघींचं भांडं भांड्याला रोज लागायचं. पाण्याची बादली कुठे ठेवायची यावरूनही वाजायचं. पण दोघी एकाच लॉन्ड्रीत होत्या, आणि तिथे मोठ्या चादरींच्या घड्या घालायची वेळ आली की सुपरवायझर डोळे झाकून या दोघींनाच समोरासमोर उभं करायचा. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. मागे सरायचं, चादर ताणायची, एक झटका द्यायचा की सुरकुती पळाली. मग पुढे येऊन टोकाला टोक भिडवायचं. बोलायची गरजच पडत नसे. झटका नेहमी वन्सं द्यायच्या, आणि तो असा कडक की शेजारच्या टेबलावरच्या बायका दचकायच्या.

वहिनीचा अकॉर्डियन मुळात तिच्या सासऱ्यांचा. घरात त्याला बाबांची पेटी म्हणत. जुन्या पद्धतीचा, बटणांचा. त्याची खोड अशी की भाता ओढताना बटण दाबलं तर एक सूर, आणि भाता मिटताना तेच बटण दाबलं तर दुसराच. म्हणजे बोटं अगदी बरोबर पडली आणि भाता उलटा गेला, तरी गाण्याचे बारा वाजले. सासऱ्यांनी तो मुलाला शिकवला, मुलाने बायकोला. वन्संना कुणी शिकवला नव्हता. त्या रोज खोली पुसायच्या. टेबल, खुर्ची, घड्याळ, खिडकीचे गज, सगळं. फडकं पेटीपाशी आलं की वळसा घालून पुढे जायचं. पेटीवरची धूळ वहिनीलाच पुसावी लागे. एवढा कसला राग एका वाद्यावर, असं तिला वाटायचं आणि ती मनातल्या मनात धुमसायची.

तर अशा या बँडला जुन्या बस डेपोच्या शेडमधल्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. तिथे दरवर्षी खरेखुरे बँड वाजत, गिटारवाले, केस वाढवलेले. आयोजकाने अट एकच घातली होती. “चार अकॉर्डियन म्हणून बोलावतोय. स्टेजवर चार दिसले पाहिजेत.”

आणि मग वहिनीला झटका आला.

सकाळी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून सुटला आणि तिला तो सुटल्याचं कळलंच नाही. वन्संनी एका नजरेत ओळखलं आणि रिक्षा बोलावली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, “अर्धांगाचा झटका आहे, पण सौम्य आहे.”

“झटका कधी सौम्य असतो का?” वन्सं त्यांच्यावर खेकसल्या. “सौम्य असला तर त्याला झटका कशाला म्हणायचं?”

डावा पाय हळूहळू परत आला. जीभ तर गेलीच नव्हती. डावा हात मात्र आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा, आपलाच पण आपलं न ऐकणारा. लॉन्ड्रीत वन्संच्या समोर आता दुसरी बाई उभी राहू लागली. संध्याकाळी घरी आल्या की त्या करवादायच्या, “तिला चादर धरता येत नाही. नुसती येते आणि जाते.” एरवी हे ऐकून वहिनीला बरं वाटलं असतं. आता तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला भयंकर राग आला.

बँडची मंडळी भेटायला आली. फळं आणली, तब्येतीची चौकशी केली, खिडकीबाहेर बघितलं. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. “वहिनी, माझी पुतणी आहे. कीबोर्ड वाजवते. एक बटण दाबलं की त्यातून अकॉर्डियनचा आवाज निघतो.”

“आणि दुसरं दाबलं की?”

“बासरीचा.”

“मग बासरीच्या बँडमध्ये पाठवा तिला,” वहिनी म्हणाली.

“फक्त या वेळेपुरतं हो,” किल्लीवाला चाचरत म्हणाला. “आयोजकाला मी कसंबसं पटवीन.”

या वेळेपुरतं म्हणजे काय, ते वहिनीला पुरतं कळत होतं. खुर्ची एकदा दुसऱ्याची झाली की कुणी उठ म्हणत नाही, आणि आपल्यालाही म्हणवत नाही. ती एकच जागा अशी होती जिथे ती कुणाची विधवा नव्हती की कुणाची भावजय नव्हती. नावाला वहिनी होती तेवढीच. डेपोच्या स्टेजवर ती चौथी नसली, तर यापुढे ती ऐकणाऱ्यांत बसणार होती, शालबिल पांघरून. हे तिला मान्य नव्हतं.

“मी वाजवणार,” ती म्हणाली. “उजवा हात धडधाकट आहे. चालीची बटणं उजव्यालाच दाबायची असतात. प्रश्न भाता ओढण्याचा आहे, तो मी सोडवते.”

“आणि नाही सुटला तर?” पीटीच्या बाईंनी विचारलं. त्या आडून काही बोलत नसत.

“रंगीत तालमीला येते. तिथे नाही जमलं, तर पुतणीला माझ्या हाताने खुर्ची देते.”

पहिल्यांदा तिने भात्याला दोरी बांधून ती पायाला अडकवली. पाय ओढला की भाता उघडायचा. मिटायला मात्र तयार नसे. मग किल्लीवाल्याने दोन्ही टोकांना आकडे असलेली एक लोखंडी दांडी बनवून दिली. डॉक्टरांनी दवाखान्यातलं आपलं चाकांचं स्टूल पाठवलं. वहिनीची योजना अशी: दांडीचा एक आकडा पेटीच्या डाव्या पट्ट्यात, दुसरा बंद दाराच्या मुठीत, आणि आपण स्टुलावर बसून पायांनी मागेपुढे सरकायचं. भाता आपोआप उघडेल आणि मिटेल. प्रत्यक्षात ती कपाटावर जाऊन आदळली, मग दारावर, मग पुन्हा कपाटावर, आणि पेटीतून जे काही निघालं त्याला सूर म्हणण्यापेक्षा कण्हणं म्हणणं बरं. तिने कपाळाचा घाम पुसला, पाय जमिनीला घट्ट रोवले, पुन्हा सुरुवात करायला बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात वन्संनी औषध घेऊन बाहेरून दार ओढलं.

दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. त्याबरोबर दांडी गेली, दांडीबरोबर भाता उघडला, आणि खोलीत लांब, भरदार, स्वच्छ सूर लागला. कितीतरी दिवसांनी.

“दार का अडकलंय?” पलीकडून वन्सं ओरडल्या.

“वन्सं, तशाच थांबा!” वहिनीने बटणावरचं बोट तसंच ठेवलं. “आता लोटा.”

दार आत आलं. दुसरा सूर लागला. मग वहिनी काही बोलली नाही, तिने बोटं चालवायला सुरुवात केली. बँडचं सगळ्यांत जुनं गाणं, ज्याची चाल मुळात वहिनीच्या सासऱ्यांची होती आणि जिला या लोकांनी पळत सुटायला लावलं होतं. दार बाहेर गेलं, थोडं आत आलं, आणखी आत आलं, बाहेर गेलं. ओळ संपेपर्यंत वहिनीला जाणवलं नाही. संपल्यावर तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती काही सांगत नव्हती. दारापलीकडच्या बाईला काही दिसत नव्हतं. तरी दार एकदाही चुकलं नव्हतं.

“वन्सं,” तिने विचारलं, “कधी ओढायचं आणि कधी लोटायचं, तुम्हाला कसं कळलं?”

फटीतून नुसता आवाज आला. “जन्मभर या दारापलीकडूनच ऐकतेय. आधी बाबांचं, मग दादाचं, मग तुझं. माणसाला पाठ होणार नाही तर काय?”

“मग आत यायचं होतं.”

“बाबा म्हणायचे, हात लावायचा नाही. दादा वाजवायला बसला की मी इथे उभी राहायची, पेल्यातलं पाणी देण्याच्या निमित्ताने. एकदा बटणाला बोट लावलं तर बाबांनी पेला फेकला. पुढे बाबा गेले. पण हात लावायचा नाही, ते राहिलंच.”

फडकं पेटीला वळसा का घालत होतं, ते वहिनीला आज कळलं. इतकी वर्षं एका घरात काढून आपण हे साधं विचारलं नाही, याची तिला लाज वाटली. तिने आकडा काढला, दार उघडलं आणि औषधाची बाटली वन्संच्या हातून घेतली.

“वन्सं, आत या. माझ्या डाव्या बाजूला बसा. भाता तुम्ही ओढायचा.”

“मी? त्या गोंगाटात?”

“चादर समजा.”

वन्सं बराच वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग बसल्या. डावीकडच्या पट्ट्यात हात घातला. तिथे बोटांखाली येतात ती खर्जाची बटणं, जाड, खोल आवाजाची. वन्संनी मूठ आवळून धरली होती. “भाता ओढीन,” त्या म्हणाल्या. “बटणांना हात लावणार नाही.”

“नका लावू. खर्ज नसला तरी चालेल.”

तो नसला तर चालणार नव्हतं, पण त्याचं नंतर बघू, असं तिने ठरवलं. त्या दिवसापासून दोघी लॉन्ड्रीत चादर धरावी तशा पेटीच्या दोन टोकांना बसायला लागल्या. भाता नीट चालू लागला. एकच खोड जाईना. ओळ संपली की वन्संचा हात सवयीने एक झटका द्यायचा, आणि पेटी खेकसायची.

रंगीत तालमीला पुतणी आली होती, कीबोर्ड मांडून, नम्रपणे कोपऱ्यात बसून. चांगली मुलगी होती, त्यामुळे तिच्यावर चिडताही येईना. वहिनी आणि वन्सं एका पेटीला दोन बाजूंनी बसलेल्या बघून किल्लीवाल्याने कपाळावर हात मारला.

“हा बँड आहे की सर्कस?”

“वाजवू दे आधी,” पीटीच्या बाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकली.

पहिली दोन गाणी सुरळीत झाली. झटका बसला की सासरेबुवा खूश होऊन मान डोलवायचे. “आता कुठे तुमची पेटी ऐकू आली!” ते ओरडले. तिसऱ्या, बाबांच्या चालीच्या त्या जुन्या गाण्यात मात्र मधल्या वळणावर भलताच सूर आला. थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. डॉक्टरांनी डोळे उघडले, ही फार वाईट खूण होती. पुतणी आपल्या कीबोर्डकडे बघू लागली.

“वन्सं, तिथे मिटायचा असतो!” वहिनी वैतागून म्हणाली. “ओढता काय?”

“तू रोज ओढतेस.”

“मी?”

“तूच. कधीची. हवा पुरत नाही म्हणून ओढतेस आणि पुढच्या सुरावर उडी मारून झाकतेस. आज बोट नीट टाकलंस, म्हणून उघडी पडलीस.” वन्सं शांत होत्या, चादरीचं टोक हातात असल्यासारख्या. “बाबा तिथे मिटायचे. तू ओढतेस. मला दोन्ही पाठ आहे. सांग, कुणाचं करू?”

वहिनीच्या कानशिलांत रक्त चढलं. सगळ्या बँडसमोर, आणि पुतणीसमोर. एक क्षण तिला वाटलं, उठावं, पेटी बंद करावी, घरी जाऊन शाल पांघरावी. पण मग ती इथवर येऊन कशाला बसली होती?

“बाबांचं करा,” ती म्हणाली.

गाणं झालं, आणि ते वळण पहिल्यांदाच जसं असायला हवं तसं आलं. किल्लीवाला गाणं विसरून ऐकतच राहिला.

“म्हणजे वहिनी, तुम्ही इतकी वर्षं तिथे चुकत होता?”

“आणि तुम्हा कुणाच्या बापाला ते कळलं नाही,” वहिनी म्हणाली. “ज्यांना कळत होतं, त्यांना आपण दारात गोंगाटाची तक्रार करणारी बाई म्हणत होतो. आता सांगा, खुर्ची कुणाला देऊ?”

डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले. पुतणीने आपणहून कीबोर्डची पिन काढली आणि वायर गुंडाळायला घेतली.

एकच तुकडा गाळायचं ठरलं. शेवटच्या गाण्यात पूर्वी सगळे एकदम थांबत आणि वहिनीच्या डाव्या हाताचा खर्ज एकटाच वाजे: एकच बटण दाबून धरलेलं, आणि भात्याचे झटके. मग सगळे तुटून पडत. आता खर्ज नव्हता, त्यामुळे न थांबता सरळ पुढे जायचं. पीटीच्या बाईंनी ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. सासरेबुवांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

डेपोच्या शेडमध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या आधीच्या गिटारवाल्यांनी पत्रे हादरवून सोडले होते. ‘चार भाते’ स्टेजवर चढले, तेव्हा एका पेटीला दोन बायका बघून मागून कुणीतरी शीळ घातली. आयोजक पायऱ्यांपाशी बोटाने अकॉर्डियन मोजत होता.

“बघतायत,” वन्सं पुटपुटल्या. त्यांनी पट्ट्यातली मूठ आणखी आवळली.

“बघू देत. चादर धरा.”

किल्लीवाल्याने पाय आपटला, किल्ल्या खुळखुळल्या, आणि सुटले सगळे. शीळ घालणारे दुसऱ्या गाण्यापर्यंत गप्प झाले आणि तिसऱ्याला नाचायला लागले. वहिनीची बोटं धावत होती, आणि ती जिथे जातील तिथे हवा आधीच येऊन उभी असायची. इतकं सोपं वाजवणं तिने दोन्ही हात असतानाही अनुभवलं नव्हतं. ओळीओळीला वन्संचा झटका बसत होता आणि पुढच्या रांगेतल्या पोरी त्या झटक्याला डोकी हलवत होत्या.

शेवटचं गाणं. भरात आलं. आणि नेमक्या त्या जागी सासरेबुवांनी, पूर्वी थांबायचे तसे, दणकन ड्रम थांबवला.

ते थांबले म्हणून किल्लीवाला थांबला. डॉक्टर थांबले. पीटीच्या बाईंची शिट्टी तोंडात तशीच राहिली. सगळी शेड एकदम गप्प झाली, आणि सासरेबुवा काठ्या वर धरून, आनंदाने, वहिनीकडे बघत होते. तुमची पाळी, असं त्यांचा चेहरा म्हणत होता.

वहिनीचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने वन्संकडे पाहिलं. पट्ट्यातली ती मूठ अजून आवळलेलीच होती, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

“वन्सं,” ती हळूच म्हणाली, “लावा हात.”

“बाबा...”

“पेटी आता माझी आहे. मी सांगतेय ना. लावा.”

मूठ उघडली. एक बोट खाली आलं आणि चुकलं. भलताच सूर निघाला, मागे कुणीतरी हसलं. बोट शेजारच्या बटणावर सरकलं. आणि खर्ज लागला. खोल, दाट, पोटात शिरणारा. वन्संनी तो धरून ठेवला आणि भात्याला झटका दिला, लॉन्ड्रीतल्या बायका दचकायच्या तसला. मग दुसरा. मग आणखी एक. हसणारा गप्प झाला. लोक त्या झटक्यांवर पाय आपटायला लागले. वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. मग सासरेबुवांच्या काठ्या खाली आल्या, आणि सगळे त्या खर्जावर तुटून पडले.

गाणं संपलं. ड्रमचा शेवटचा ठोका पडला, सगळ्यांचे भाते मिटले, किल्ल्याही निश्चल झाल्या. एकच सूर राहिला होता. वन्संचं बोट बटणावर होतं आणि भाता सावकाश, अगदी सावकाश उघडत चालला होता. शेडमधली माणसं श्वास रोखून ऐकत होती.

“वन्सं,” वहिनी कुजबुजली, “सोडा आता.”

“थांब गं,” वन्सं म्हणाल्या. “अजून हवा आहे.”